पाचव्या दगडाखालचा कोळसा

काराचायिर, १३ ऑगस्ट २००४

रुस्तेम एफेंदी,

'दादा' लिहायला गेले आणि हात अडला. म्हणून एफेंदी लिहिलं, परक्या मानाच्या माणसाला लिहितात तसं. परके तर तुम्ही झालातच. मानाचं काय ते पुढे बघू.

फोन करू नका. फोनवर तुम्ही ओरडता, मी रडते, आणि दोघांचंही म्हणणं तारेतच अडकून राहतं. शिवाय लिहिलेलं नाकारता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरची जी पानं मी रोज फाडून जपून ठेवते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिते आहे. चांगला कागद या पत्रापायी घालवायची माझी इच्छा नाही.

काल सातवा दिवस झाला. पठण झालं, हलवा वाटला. शेजाऱ्यांनी आठवडाभर जेवण पुरवलं, माझी चूल पेटली नाही. तुमच्या घराला मात्र शनिवारीच कुलूप लागलं. मेहुण्याच्या सातव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबला नाहीत तुम्ही.

त्या शुक्रवारी मशिदीच्या अंगणात जनाजा दगडावर ठेवला होता. मी बायकांबरोबर भिंतीपलीकडे उभी होते. तुम्हाला वाटलं असेल तिथवर ऐकू जाणार नाही. कान तुमचे गेलेत, जर्मनीतल्या कारखान्याच्या घणांनी. माझे शाबूत आहेत.

इमाम वेहबींनी विचारलं, "या माणसावर तुमचा जो काही हक्क उरला असेल तो सोडलात का?" दोनशे माणसं म्हणाली, "सोडला." दुसऱ्यांदा विचारलं. "सोडला." तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेतून तुमचा आवाज आला. "मी नाही सोडत! एक वीत आणि चार बोटं जमीन आहे माझी याच्यावर. जाऊ दे ती घेऊन वर!"

आता मला तुम्ही म्हणवत नाही. ऐक रुस्तेम. तू मेलेल्या माणसाशी भांडलास. जिवंत होता तेव्हा सतरा उन्हाळे तू त्याच्या दारात चहा प्यालास, आणि तोंड उघडलंस ते त्याच्या तोंडावर कापड ओढल्यावर.

तुझं म्हणणं सगळ्या गावाला पाठ आहे. बाबांनी एकोणसत्तरमध्ये शेत दोघांत वाटलं, पश्चिमेचं मला, पूर्वेचं तुला. मुलीला वाटा दिला हेच तुला आधी खुपलं. मधे दोरी धरून पाच दगड पुरले, घराकडून ओढ्याकडे सरळ. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तू दोरी लावून बघितलीस तर ओढ्याकडचे दोन दगड तुझ्या बाजूला सरकलेले. तेव्हा वीतभरही नव्हते, आता एक वीत चार बोटं झालेत. आणि तू चहाच्या टपरीवर बसून म्हणालास, "घरजावयानं आधी घर घेतलं, आता बोटाबोटानं शेत खातोय."

माझ्या इद्रिसला कुणीतरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "शेत खाल्लं असतं तर थोडा लठ्ठ झालो असतो." एवढंच.

आजी काय सांगायची आठवतं? परक्याची वीतभर जमीन लाटणाऱ्याच्या गळ्यात कयामतीच्या दिवशी सात जमिनींचं ओझं पडतं. आणि माणसाचा माणसावरचा हक्क अल्लाहसुद्धा परस्पर माफ करत नाही, ज्याचा त्यानेच सोडावा लागतो. तुझ्या एका वाक्याने माझा नवरा ते ओझं गळ्यात घेऊन मातीत गेला. रोज फजरच्या नमाजाला उठते आणि हेच डोळ्यांपुढे येतं.

त्याने दगडाला हात लावला नाही. तू येऊन हक्क सोड. दुसरं काही मागत नाही.

नाझमिये


काराचायिर, १९ सप्टेंबर २००४

रुस्तेम एफेंदी,

चाळिसावा दिवस झाला. तुझी चिठ्ठी नाही. नसू दे. मला सांगायचं आहे ते सांगते, वाचायचं की नाही तू ठरव.

गेल्या आठवड्यात अंकाराच्या विद्यापीठातली एक बाई गावात आली. बिल्गे नाव. पायात पुरुषांचे बूट, गाडीत तीन पायांची यंत्रं. जमीन मोजायचं काम करते. प्यायला पाणी मागायला परसात आली आणि पाणी राहिलं बाजूला, दगडांकडे बघत उभी राहिली.

"मावशी, हे दगड कुणी लावले?"

मला वाटलं तुझीच कुणी वकील. म्हटलं, "ज्यांनी लावले ते मेले. जो भांडतो तो जर्मनीत आहे. तुम्ही कोण?"

ती हसली. "मी कुणाचीच नाही. हे सरळ रेषेत लावले होते ना? पहिले तीन अजून सरळ आहेत. शेवटचे दोन एकदम पूर्वेला, आणि दोन्ही सारखेच. चोर असता तर त्यानं पाचही थोडेथोडे सरकवले असते, डोळ्याला कळू नये म्हणून."

सतरा वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. तू नाही, गावातल्या शहाण्यांनी नाही. मी तिला आत नेऊन जेवायला वाढलं.

तिने सांगितलं ते तुला सांगते. तुझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त शिकले आहे, तेव्हा मला नीट कळलं आहे असं धरून चाल. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. फुटलेलं आहे, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते सगळे चालतात. मी तेव्हा दूध तापवत होते. ती म्हणाली, "ही साय बघा. खालून दूध ढवळतंय आणि वर सायीचे तुकडे सरकतायत, एकमेकांना ढकलतायत, कुठे सुरकुती पडते, कुठे फाटतात. तसंच."

म्हटलं, "म्हणजे आपल्या खाली पातळ काहीतरी आहे? अल्लाह रक्षण करो."

"पातळ नाही मावशी, दगडच आहे. पण इतका तापलेला की लाखो वर्षांत थिजल्या मधासारखा हळूहळू वाहतो."

मग तिने आपल्या देशाचं सांगितलं. खालून अरबस्तानचा तुकडा उत्तरेला रेटतो आहे. वर दुसरा मोठा तुकडा आहे, तो हटत नाही. आपण दोघांच्या मधे. माझ्या हातातली कलिंगडाची बी घेऊन तिने दोन बोटांत दाबली, ती सटकन उडून चुलीमागे गेली. "असे आपण पश्चिमेला सटकतोय," म्हणाली. "वर्षाला बोटाच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त."

"कुठून सटकतो?"

"एक लांब फट आहे, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुमच्या परसातून जाते. तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मधून."

घराकडची बाजू पश्चिमेला जाते आहे, ओढ्याकडची तिच्या मानाने पूर्वेला. पूर्वेला कोण आहे? तू आहेस. बाकी फट ठिकठिकाणी अडकून बसते आणि शंभर-दोनशे वर्षांनी तडकते. आपल्या या पट्ट्यात मात्र ती थोडी अडते आणि थोडी गुपचूप सरकत राहते. वर्षाला आठ मिलिमीटर.

एकोणसत्तर ते आज, पस्तीस वर्षं. गुणिले आठ. मॅट्रिकच्या गणितात बसतं. दोनशे ऐंशी मिलिमीटर. मी शिवणाची टेप घेऊन माझी वीत मोजली आणि चार बोटं मोजली. तूही मोज.

बिल्गेला वर्षावर्षाचे आकडे हवे होते. माझ्याकडे काही होते, घरातल्या एका वहीत, ते दिले. तिने वही तीनदा उलटून पाहिली. "मावशी, हे सोनं आहे. कुणी मोजलं?" मी म्हटलं, जेवण गार होतंय. तूही विचारू नकोस.

चव्वेचाळीसच्या भूकंपाचं बाबा सांगायचे ते आठव. तू दोन वर्षांचा होतास, आईने तुला पाळण्यासकट अंगणात फेकलं. सकाळी बाबा उठून बघतात तर जुन्या कुंपणाचे दोन भाग, आणि मधे चार पावलांचं अंतर. बाबा म्हणायचे, "जमीन एका रात्रीत वचन मोडते." आपण दोघं हसायचो. ती बाई म्हणाली, बाबांनी बरोबर पाहिलं होतं. जे बोटाबोटाने सरकतं त्याचं भय कमी. अडून बसतं, आत साठवतं, ते एक दिवस घरं पाडतं.

हे वाक्य तुझ्यासाठी दोनदा वाचण्यासारखं आहे.

नाझमिये


काराचायिर, १० ऑक्टोबर २००४

रुस्तेम,

तुझं पत्र मिळालं. तीन शब्दांचं. 'दगड चालत नाहीत.' त्यासाठी एवढं मोठं पाकीट आणि विमान-टपालाचं तिकीट. पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवलं आहे, तुला यातूनच हे पत्र मिळेल.

बरं. दगड चालत नाहीत. मग ऐक काय झालं ते.

बाबांची रीत तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. सीमेचा दगड पुरण्याआधी ते खड्ड्यात विझवलेला कोळसा टाकायचे आणि त्यावर फुटक्या भांड्याचे तुकडे. का, तर दगड रातोरात हलवता येतो, कोळसा हलवता येत नाही. कोळसा कुजत नाही, कीड लागत नाही. दगड उचलून कुणी पुढे नेला तर कोळसा मागे, जुन्या जागी राहून साक्ष देतो. त्या दिवशी कोळशाचं घमेलं कुणी धरलं होतं? तू. आईचा निळा वाडगा कुणाच्या हातून फुटला? तुझ्या. बाबा रागावले आणि मग म्हणाले, "असू दे, दगडाखाली कामाला येईल."

सतरा वर्षं तू दोरी लावलीस. एकदाही खणून बघितलं नाहीस. का रे? टपरीवर सगळ्यांना वीत दाखवत होतास, कुदळ का नाही आणलीस? मी सांगते. कोळसा दगडाखालीच निघाला असता तर तुझ्याकडे घरजावयाला बोलायला काही उरलं नसतं.

मी का खणलं नाही असं तू विचारशील. बाईमाणसाने एकटीने सीमेचा दगड उकरला तर गाव काय म्हणेल, असं मी मनाशी म्हणत आले. ते राहू दे.

काल दुपारच्या नमाजानंतर खणलं. इमाम वेहबी होते, बिल्गे होती, आणि तुझ्या पूर्वेची शेजारीण झेकिये आजी काठी टेकत न बोलावता आली. म्हणाली, "सिनेमा फुकट आहे तर का सोडू?"

आधी तुझ्या दोरीप्रमाणे पाचवा दगड जिथे असायला हवा तिथे खणलं. गुडघाभर. काळी माती, एक गांडूळ, आणि काही नाही. माती कधी उकरलेलीच नाही असं बिल्गे म्हणाली, थर न थर जागच्या जागी. मग दगड बाजूला करून त्याच्याखाली खणलं. हातभर खाली फावडं खर्रकन वाजलं. इमामांनी हात घातला आणि काळा करून बाहेर काढला. मूठभर कोळसा. त्यावर निळ्या वाडग्याचे चार तुकडे, आईने काठावर काढलेली पांढरी रेघ अजून दिसते.

झेकिये आजी म्हणाली, "हा बघा चोर. जमिनीला हातकड्या घाला आता."

कुणी हसलं नाही. वेहबींनी कोळसा परत खड्ड्यात ठेवला. मग म्हणाले, "नाझमियेबाई, दगड हलला नाही. ज्याच्यावर ठेवला ते सगळंच गेलं."

समजतं आहे का, रुस्तेम? दगड, कोळसा, वाडगा, गांडुळं, तुझी तिकडची ढेकळं, सगळं एकत्र गेलं. इद्रिसच्या हाताने यातलं काही होण्यासारखं आहे का? त्याला पाठीचं दुखणं होतं, पिठाचं पोतं उचलवत नव्हतं.

एक तुकडा पाकिटात घातला आहे. तूच फोडलेल्या वाडग्याचा. ओळख पटते का बघ.

रमजान तोंडावर आला. या महिन्यात तरी तोंड उघड.

नाझमिये


काराचायिर, २१ नोव्हेंबर २००४

रुस्तेम,

ईदला तुझं पत्र आलं. मला वाटलं आलं एकदाचं. दाराशीच उभ्या उभ्या फोडलं.

'आदरणीय ............., अल्लाहच्या कृपेने या वर्षी हजला जाण्याचा योग आला आहे. जाण्यापूर्वी आपल्याकडून कळत नकळत घेतलेल्या, दुखावलेल्या सर्व गोष्टींबद्दल आपण आपला माझ्यावरचा हक्क सोडावा ही विनंती.' टाइप केलेलं, झेरॉक्स काढलेलं. टिंबांवर पेनने माझं नाव. तेसुद्धा वहिनीच्या अक्षरात.

गावात अशी अकरा पत्रं आली आहेत. टपरीवाल्यालाही आलं. मीही त्या अकरांत एक.

माझ्या नवऱ्याच्या जनाज्यावर तू दोनशे माणसांदेखत म्हणालास, नाही सोडत. आणि आता मी तुझ्यावरचा हक्क सोडू? कागदावर? तुला शरम वाटली नाही, पण त्या झेरॉक्सच्या यंत्राला तरी वाटायला हवी होती.

आणि जातोस कुठे ते बघ. ज्या भूमीवर कपाळ टेकायला निघालास, तीच भूमी खालून आपल्याला रेटते आहे. तुझी वीत आणि चार बोटं तिनेच हलवली. तिथे जाऊन भांड हवं तर.

झेकिये आजीलाही तुझं पत्र आलं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्याची ही बाजू सगळ्यांनी मोजली. माझ्याकडची कुणी मोजली का?"

मला एकदम कळेचना. मग कळलं आणि तांदळाचं ताट तसंच ठेवून आम्ही दोघी बाहेर पडलो. तुझ्या शेताची पूर्वेची भिंत, तुझ्या आणि तिच्या मधली. तीही बाबांनी त्याच वर्षी घातलेली, घराकडून ओढ्याकडे जाते. मी एका टोकाला दोरी धरली, दुसऱ्या टोकाला आजीने काठीला बांधली. रुस्तेम, तुझी भिंत बरोबर मधे वाकली आहे. ओढ्याकडचा अर्धा भाग पूर्वेला, तिच्या शेतात. मी टेपने मोजलं. एक वीत. चार बोटं.

आजी भिंतीवर बसली आणि इतकी हसली की मला तिची भीती वाटायला लागली. "म्हणजे तुझ्या भावानं माझं वीतभर खाल्लं! आणि मी दर वर्षी त्याला नाशपातीची टोपली देत आले!"

"आजी, त्यानं काही केलेलं नाही. जमीन—"

"मला माहीत आहे गं, खड्ड्यापाशी मी पण होते. पण त्याच्या हिशेबानं बोल. त्याच्या हिशेबानं तो चोर की नाही?"

तू सतरा उन्हाळे दोरी लावलीस, पण जिकडे गेलं तिकडेच लावलीस. जिकडे आलं तिकडे एकदाही नाही. तुझं काही गेलं नव्हतं. जेवढं माझ्या बाजूने सरकलं तेवढंच तिच्या बाजूने मिळालं. तुझं शेत होतं तेवढंच आहे. माझा नवरा मात्र चोर ठरून गेला.

झेकिये आजीचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते. "रुस्तेमला म्हणावं, हजला जायचं तर माझा हक्क माझ्या तोंडून सोडवून घे. मी झेरॉक्सवर सोडत नाही."

आणि माझा निरोप असा. तू थडग्यापाशी जाऊन पुटपुटलास तर ते मला चालणार नाही. आरोप चौकात केलास, मागेही चौकात घ्यावा लागेल. इमामांशी बोलले आहे. ३१ डिसेंबरला, शुक्रवारच्या नमाजानंतर, त्याच अंगणात ते पुन्हा विचारतील. तीनदा. मी भिंतीपलीकडे असेन.

आला नाहीस तरी हजला तुला कुणी अडवणार नाही. विमान उडेलच. पण माझा हक्क तुझ्या गळ्यात राहील, आणि तो सोडणारी मी एकटीच आहे.

नाझमिये


काराचायिर, २ जानेवारी २००५

रुस्तेमदादा,

आज सकाळच्या बसने गेलास असं झेकिये आजीने सांगितलं. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे, तू हजला निघण्याआधी मिळायला हवं. चांगल्या कागदावर लिहिलं आहे.

तू आलास. बर्फात, इस्त्रीचा कोट घालून. इमामांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा 'सोडला' असं इतकं मोठ्याने म्हणालास की मिनारावरचे कावळे उडाले. बहिऱ्या माणसाचा हाच फायदा, हळू बोलून चोरी करता येत नाही. दुसऱ्यांदा कमी मोठ्याने म्हणालास. तिसऱ्यांदा शब्द अर्धाच बाहेर आला, अर्धा मी भिंतीपलीकडे पुरा केला. मग न विचारता तू म्हणालास, "इद्रिसनं काही घेतलं नव्हतं. मी मोजायला चुकलो." हे कुणी तुझ्याकडून मागितलं नव्हतं.

आजीनेही तुझ्यावरचा हक्क सोडला. पुढच्या वर्षीची नाशपाती तिच्याकडून घ्यायची नाही, उलट तू द्यायची, असं ठरल्याचं ती गावभर सांगते आहे.

मग तू माझ्या दारात आलास. टोपी हातात. "नाझो," म्हणालास. बाबांनंतर त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. "नाझो, आता तू सोडशील का?"

आणि मी दार लावून घेतलं.

सकाळी बघितलं तर पायरीवर बुटांचे दोन ठसे, एकाच जागी खोल दबलेले. किती वेळ उभा होतास?

तुला वाटलं असेल मी सूड घेतला. तसं नाही. त्या क्षणी मी 'सोडला' म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, कारण जो गुन्हा तुझ्यावर ठेवून पाच महिने तुला शिव्या घातल्या, तो माझाही आहे. तुझ्याआधी मला माझा सांगायचा आहे.

त्या वहीबद्दल विचारू नकोस म्हटलं होतं. आता सांगते. सत्त्याऐंशीला तू आरोप केलास तेव्हा मी तुझ्याशी भांडले, आठवतं? 'माझा नवरा असा नाही' म्हणून ओरडले. आणि पुढच्या वसंतात, हिदरेल्लेझच्या सकाळी, सहा मेला, सगळे ओढ्याकाठी सणाला गेलेले असताना मी परसात एकटी दोरी घेऊन गेले. पहिल्या दगडाशेजारी लाकडाची खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, तिसऱ्या दगडाला लावून पाचव्यापर्यंत ताणली आणि अंतर मोजलं. पीठ-साखरेच्या वहीत, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, एका कोपऱ्यात लिहिलं. मला बघायचं होतं, पुढच्या वर्षी ते वाढतं का. माझा नवरा चोर आहे का.

वाढलं. आठ मिलिमीटर. त्याच्या शेल्यावर मातीचे डाग आहेत का ते मी बघायला लागले. रात्री उठला तर झोपेचं सोंग घेऊन ऐकत राहायचे, पाय न्हाणीकडे जातात की परसाकडे. पाच नमाज पढत होते आणि हे करत होते.

ब्याण्णवच्या शरदात तो छपरावरून पडला. सात महिने अंकाराच्या इस्पितळात पाठीवर निजून होता. मेमध्ये मी दोरी लावली. आठ. त्याला तेव्हा हातात चमचा धरता येत नव्हता, आणि आठ. मी दगडाशेजारी मातीत बसले. त्या दिवशी मला कळलं होतं, दादा. कसं होतं हे कळलं नव्हतं, पण तो नाही एवढं पक्कं कळलं होतं.

तुला का नाही सांगितलं? सांगायचं तर वही दाखवावी लागली असती. वही दाखवली असती तर इद्रिसने पहिली तारीख बघितली असती. बायकोने आपल्यावर पाळत ठेवली हे त्याला कळू नये म्हणून मी त्याला चोर राहू दिला. अकरा वर्षं. तू कुदळ आणली नाहीस. मीही आणली नाही. ती उचलताना त्याने मला बघितलं असतं तर मी काय सांगणार होते?

अजून एक आहे.

सत्त्याण्णवच्या मेमध्ये मी गेले तेव्हा माझ्या खुंटीची मला काळजी होती. लाकूड कुजत आलं होतं, हिवाळ्यात मोडणार हे दिसत होतं, आणि दुसरीकडे ठोकली तर माप चुकणार. गवत बाजूला केलं. तिथे नवी खुंटी होती. ओकची, चार बाजूंनी तासलेली, डोक्याला दोरी घसरू नये म्हणून खाच. बरोबर त्याच भोकात. इद्रिसची तासणी मी ओळखते, घरातली लाटणी त्यानेच केली आहेत.

संध्याकाळी त्याने विचारलं, "आज ओढ्याकडे गेली नाहीस?" मी म्हटलं, "गुडघा दुखत होता." तो म्हणाला, "दोरी जपून ओढत जा." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्यानंतर सात वर्षं आम्ही एका ताटात जेवलो.

त्याचा माझ्यावरचा हक्क मी त्याच्याकडून सोडवून घेतला नाही. शेवटच्या दिवशी उशाशी होते, पाणी पाजत होते, आणि ओठावर आलं होतं. वाटलं, उद्या. उद्याला तो नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी तू उठून ओरडलास. तुझा मला इतका राग का आला माहीत आहे? एकेकाळी माझ्याच मनात होतं ते तू मोठ्याने बोललास.

म्हणून आता ऐक. हजला अराफातच्या मैदानात उभा राहशील तेव्हा इद्रिसचं नाव घे. त्याला सांग, नाझमियेने सतरा वसंत दोरी लावली, तिच्यावरचा तुझा हक्क तू सोड. तिथून ऐकू जातं म्हणतात. तुझा आवाज मोठा आहे, उपयोगी पडेल.

तुझ्यावरचा माझा हक्क सोडला. सोडला. सोडला. राग सोडला असं कुठेही लिहिलेलं नाही, नीट वाच.

सहा मेला गावात असलास तर परसात ये. बिल्गेला या वर्षीचं माप पाठवायचं आहे. दोरीचं एक टोक खुंटीला असतं, दुसरं इतकी वर्षं मी काठीला बांधत आले, आता हात थरथरतात. खुंटी अजून पक्की आहे.

तुझी बहीण,
नाझो